रजियानं मागितलेली ईदी

रजिया गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. पहिल्यांदा तिच्या अम्मींचा फोन आला. मी वाशिमला कॉलेजात शिकवायला जायच्या गडबडीत डबा भरत होते. अम्मी एवढंच म्हणाल्या, "सुलभे, ये वो पोरी. तुयी सोबतीण गेली..." आणि फोन तसाच चालू ठेवून रडत बसल्या. दुसऱ्यांदा ती बातमी मी काही आठवड्यांनी एका कंपनीच्या संकेतस्थळावर वाचली. रजियाचा हसरा फोटो, त्याखाली मेणबत्तीचं चित्र, आणि मजकूर असा की 'आमची सहप्रवासी' आम्हाला सोडून गेली, मुक्त तंत्रज्ञानाच्या वाटचालीत तिचं मार्गदर्शन आम्हाला सदैव लाभलं. सहप्रवासी! ज्यांनी तिला वर्षानुवर्षं दाराबाहेर ताटकळत ठेवलं, ती माणसं आता म्हणतात की आम्ही एकाच गाडीत होतो. माझी तळपायाची आग मस्तकात गेली आणि अजून उतरलेली नाही. या पुरवणीसाठी तिच्यावर लिहा असं सांगणारा फोन आला तेव्हा मी आधीच सावध केलं होतं, की माझ्याकडून गोडगोड काही येणार नाही. मी डूख धरणारी बाई आहे. रजिया नव्हती. तिच्या वाट्याचा रागसुद्धा आयुष्यभर मीच केला, आणि आता ती नाही म्हणून तो कमी करायचं मला काही कारण दिसत नाही.

आमची ओळख अमरावतीची. इंजिनिअरिंगला असताना वसतिगृहात एका खोलीत आम्हाला टाकलं, कारण दोघी वाशिम जिल्ह्यातल्या. मी किन्हीराजाची, शेतकऱ्याची पोर, ती मंगरूळपीरची. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं बांगड्यांचं दुकान. वडील लवकर गेले, दुकान अम्मीच चालवायच्या. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले की दिवसभर आम्ही त्या दुकानात. अम्मींचं काम बघण्यासारखं होतं. बाई कितीही जाड मनगटाची असो, अम्मी तिचा हात हातात घेऊन बोटांची पेरं हळूहळू दाबत राहायच्या आणि तोंडानं तिच्या सासरचं, पोराबाळांचं, सोयाबीनच्या भावाचं विचारत राहायच्या. बाई बोलण्यात गुंतली, की हात सैल पडायचा आणि बांगडी आत. जोर म्हणून कधी लावायचा नाही. जोर लावला की काच फुटते आणि रक्त येतं, ते गिऱ्हाइकाचंही येतं आणि आपलंही. रजिया हे बघत लहानाची मोठी झाली आणि जगात सगळीकडे हेच चालतं अशी तिची ठाम समजूत होती.

पुण्यात काही वर्षं नोकरी करून ती परत आली. लग्नाचं जमवू पाहणाऱ्या नातेवाइकांना तिनं कशा वाटाण्याच्या अक्षता लावल्या तो वेगळाच विषय. दुकानावरच्या खोलीत तिनं मुलींसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढला. अकोल्यात एक कार्यालय बंद पडत होतं, तिथले जुने कॉम्प्युटर तिनं गाडीत घालून आणले. त्यांवर लिनक्स ही कुणालाही उघडी असलेली प्रणाली टाकली, आणि मुलींना टायपिंग न शिकवता चित्र काढायला शिकवलं. घराचे नकाशे, ब्लाऊजचे नमुने, शेतातल्या ठिबकची मांडणी. दर्ग्यामागच्या मोहल्ल्यातल्या मुली यायच्या, आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं कुणब्या-माळ्यांच्या मुली यायच्या. मुलीनं काढलेला नकाशा बघून गवंडी घर बांधतोय, हे मंगरूळपीरनं पहिल्यांदा पाहिलं.

मग एक दिवस सगळे पडदे काळे पडले. झालं असं, की कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणारी एक वेगळी चिप असते आणि तिच्याशी बोलायला एक प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. वर्गातल्या कॉम्प्युटरमधल्या चिपचा ड्रायव्हर ती बनवणाऱ्या कंपनीनं बंद डब्यात दिला होता. आत काय लिहिलंय ते कुणाला दिसत नाही, कुणाला दुरुस्त करता येत नाही. प्रणाली नवी झाली आणि जुना डबा तिला जुळेना. मोटरपंप विकायचा, आणि तो खोलायचा पाना मात्र कंपनीनं स्वतःकडे ठेवायचा, अशातली ही गत. पंप बिघडला तर काय, तर नवा घ्या. रजियानं कंपनीला लिहिलं तेव्हा नेमकं हेच उत्तर आलं. या चिपचा आधार संपला आहे, कृपया नवी उत्पादनं पाहावीत. चिपा मात्र ठणठणीत होत्या. प्रणाली जुनीच ठेवली तर चित्र दिसायचं, पण मग ती असुरक्षित, आणि नवीन काहीच तिच्यावर चालायचं नाही. तशा एकदोन मशीनवर रजिया वर्ग कसाबसा रेटत राहिली. तिला कंपनीकडून एकच गोष्ट हवी होती. त्या ड्रायव्हरचा मूळ मजकूर सगळ्यांसाठी खुला करा. आम्ही दुरुस्त करून घेऊ, तुमच्याकडे पुन्हा येणार नाही. शेवटपर्यंत तिची मागणी एवढीच राहिली.

कंपनीकडे कारणांना तोटा नव्हता. त्यात दुसऱ्या कुणाचे भाग आहेत, म्हणून देता येत नाही. रजिया म्हणाली, ते भाग काढून उरलेलं द्या. वकील तपासत आहेत. रजिया म्हणाली, थांबते. स्पर्धकांना गुपित कळेल. रजिया म्हणाली, ज्या चिपा तुम्ही स्वतःच विकत नाही, त्यांचं गुपित कोण चोरणार? तर मग नुसती चिपची माहिती द्या, प्रोग्राम आम्ही लिहितो. त्यावर उत्तरच नाही. सगळं घोंगडं भिजत ठेवायचं, समोरचं माणूस कंटाळून जाईपर्यंत. आणि हिनं काय करावं? दर रमजान ईदेला ती कंपनीला शुभेच्छा पाठवायची. आमच्यात मोठ्यांनी लहानांना ईदी द्यायची असते, तुम्ही मोठे, आम्ही लहान, तेव्हा यंदा ईदी म्हणून एवढा ड्रायव्हर खुला करा. असं चक्क लिहायची, प्रत्येक ईदेला, न चुकता. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन मी तिच्या मागे उभी राहून वाचायचे आणि चिडायचे.

"कायले भीक मागून राह्यली वो त्याइले?"

"भीक नोहे. ईदी हाय. ईदी मांगाले लाज नसते."

एका वर्षी कंपनीकडून खरंच पार्सल आलं. आम्ही दोघींनी घाईघाईनं उघडलं. आत कंपनीच्या नावाची किल्ल्यांची साखळी आणि 'सणाच्या हार्दिक शुभेच्छा' असं छापील कार्ड. बहुधा शुभेच्छा देणाऱ्या गिऱ्हाइकांना सरसकट पाठवत असतील. मी ती साखळी रस्त्यावर भिरकावली. रजिया खाली जाऊन उचलून घेऊन आली आणि म्हणाली, "बोट त हाललं ना, सुलभे. मंग हात बी हालन." तिला तो अम्मींच्या गिऱ्हाइकाचा हात दिसत होता. मला तो हात मोडून काढावासा वाटत होता.

पुण्याला एका मोठ्या हॉटेलात या क्षेत्रातल्या लोकांचं संमेलन होतं, तिथं मी तिच्यासोबत गेले. मंचावर कंपनीचे साहेब. नाव घेत नाही. घेतलं तर त्यांना तेवढंच मोठेपण. चकचकीत गालांचे, दर वाक्याला 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणणारे. प्रश्नांच्या वेळी रजिया उठली आणि तिनं तिचा एकच प्रश्न विचारला. साहेबांनी आधी विचारलं, "आपण कुठून आलात?"

"मंगरूळपीर. वाशिम जिल्हा."

"अच्छा. तिथं ग्राफिक्स लागतं का हो?"

अख्खं सभागृह हसलं. मला अजून ते हसणं ऐकू येतं आणि कोण कोण हसलं त्यांचे चेहरेही पाठ आहेत. एरवी पुण्यात शुद्ध बोलणारी रजिया मुद्दाम आमच्या बोलीत म्हणाली, "लागते ना, सर. आमच्याकडं बी मानसाले डोये राह्यतात." सभागृह पुन्हा हसलं, या वेळी तिच्या बाजूनं. साहेबही हसले आणि 'नक्की बघू' म्हणाले. परतीच्या गाडीत ती खुशीत होती. मी मात्र तेव्हाच मनात नोंद करून ठेवली होती, की या माणसाला एक दिवस नाक घासायला लावायचं.

तो दिवस तिनंच आणला, माझ्या आरडाओरड्यानं नव्हे. मी ज्या शिक्षणसंस्थेत शिकवते तिची विदर्भात बरीच कॉलेजं आहेत आणि सगळ्यांची कॉम्प्युटर-खरेदी एकत्र होते. रजिया संस्थेच्या एकेका संचालकाला जाऊन भेटली. कारंज्याला, रिसोडला, कुठंकुठं. प्रत्येकाच्या घरी चहा घेतला, प्रत्येकाच्या नातवंडांची चौकशी केली, आणि पडदे काळे पडले तर तुमच्या प्रयोगशाळेचं काय होईल ते समजावून सांगितलं. त्या वर्षीच्या खरेदीच्या अटींत एक ओळ वाढली. ज्या कंपनीचे ड्रायव्हर खुले असतील, तिचाच माल घेतला जाईल. ओळ बाहेर पडली आणि साहेबांना मंगरूळपीर कुठं आहे ते नकाशा न बघता सापडलं.

ते आले त्या दुपारी मी दुकानातच होते, आणि माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या दुपारींत मी तिची गणना करते. पांढरी गाडी रस्त्यात मावेना. साहेब बांगड्यांच्या खोक्यांमध्ये छोट्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. अम्मींनी चहा दिला आणि मग एका गिऱ्हाइकाला बांगड्या भरत बसल्या. रजिया म्हणाली, एवढं होऊ द्या सर. ते बसून राहिले. शेवटी त्यांनी मुद्दा काढला. वर्गाला सगळे नवे कॉम्प्युटर देतो, तेवढी ओळ मागे घ्यायला सांगा.

"नवे नका देऊ, सर," रजिया म्हणाली. "हायेत थेच चालू द्या. नवे बी तुमी चार सालानं मरू द्यान."

साहेबांनी घाम पुसला आणि कबूल केलं. ड्रायव्हर खुले करू, नव्या चिपांचे आणि जुन्याही, दोन्ही. शब्द दिला. मी रजियाला बाजूला घेऊन म्हटलं, लिहून घे. ती माझ्याकडे बघतच राहिली. त्यांच्या दुकानाचा सगळा व्यवहार बोलीवर. फिरोजाबादचा माल बोलीवर येतो, खेड्यातल्या कासारणी बोलीवर घेऊन जातात, आणि दुकानात बसून चहा पिऊन दिलेला शब्द कुणी फिरवल्याचं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. "घरी आलेल्या मानसाले लिवून मांगू का?" ती म्हणाली. आणि तिनं मागितलं नाही.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. त्या शब्दावर संस्थेच्या खरेदीची ऑर्डर कंपनीला मिळाली. कंपनीनं नव्या चिपांचा ड्रायव्हर खुला केला, पत्रकार बोलावले, साहेबांनी 'आमची तर पहिल्यापासूनच ही भूमिका' म्हणून भाषण ठोकलं. आणि जुन्या चिपा? त्या 'पुढच्या टप्प्यात'. पुढचा टप्पा कधी, तर लवकरच. आमच्या तोंडाला पानं पुसली होती, सरळ सरळ. वर्गातले पडदे होते तसेच काळे. मुली यायच्या कमी झाल्या. त्याच सुमारास रजियाच्या किडन्या बिघडल्याचं निघालं.

डायलिसिससाठी अकोल्याला जावं लागे. बऱ्याचदा मी सोबत असायचे. मशीन चालू असताना एका हातानं ती मोबाइलवर कंपनीला लिहीत असायची, दुसरा हात सुयांनी अडकलेला. मजकूर तसाच, नम्र. पुढच्या टप्प्याचं काय झालं, कळवावं. मी शेजारच्या खाटांवरच्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं साहेबांच्या सात पिढ्या काढायचे. ती डोळे मिटून म्हणायची, "गरम नको होऊ वो. आपण गरम झालो का समोरचा हात आखडते." मला वाटायचं, काय हे धैर्य, काय ही शांती. मी तिला तसं म्हणालेही. ती खिडकीकडे बघत राहिली... शेवटच्या ईदेला तिला उठवत नव्हतं. तिनं सांगितलं आणि मी टाइप केलं. उत्तर आलं, ते आपोआप येणारं. आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

ती गेल्यावर चाळिसाव्याला साहेब आले. संकेतस्थळावरच्या मेणबत्तीनं भागलं नव्हतं बहुतेक. घरात फातिहा झाला होता, माणसं जेवत होती. साहेबांसोबत फोटो काढणारा माणूस आणि कागदात गुंडाळलेली एक मोठी पाटी. 'रजिया स्मृती संगणक कक्ष', आणि खाली, तिच्या नावाहून जरा मोठ्या अक्षरांत, कंपनीचं नाव. येताना वाटेत कुणीतरी त्यांना इथली रीत सांगितली असावी आणि ती त्यांनी उलटीच लक्षात ठेवली होती. आमच्याकडे मयतीच्या घरचे लोक गेलेल्या माणसाच्या वतीनं सगळ्यांना विनवतात, कहा-सुना माफ करा. साहेब अम्मींसमोर हात जोडून उभे राहिले, फोटोवाल्याकडे जरासं तोंड केलं आणि म्हणाले, "अम्मी, कहा-सुना माफ करा."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. अम्मींनी त्यांच्याकडे नीट बघितलं.

"थे त मेलेल्याच्या वतीनं मांगतात, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमी त जित्ते हा."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. मला तिथंच टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पण साहेब गेल्यावर अम्मी त्या पाटीवरून हात फिरवत बसल्या आणि मला धस्स झालं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रजियाचं नाव कुठलं ते त्यांनी मला विचारून घेतलं होतं आणि त्याच अक्षरांवरून बोट फिरत होतं. मुलीच्या नावाची पाटी घरावर लागणार, हे त्यांना हवं होतं. कुठल्या आईला नको असेल? दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ही लावली का वरचे टीव्ही चालू व्हतीन?" कॉम्प्युटरला त्या टीव्हीच म्हणतात.

"नाई, अम्मी."

"मंग कायले आणली?"

"थे चालू करा लागू नये म्हणून आणली."

अम्मींनी पाटी त्याच कागदात पुन्हा गुंडाळली, वरून बांगड्यांच्या खोक्याची सुतळी बांधली आणि म्हणाल्या, वापस पाठव. मी त्याच दिवशी पाठवली.

त्यानंतर मी संस्थेच्या खरेदी समितीवर गेले. कशासाठी गेले ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि मीही लपवलं नाही. या वर्षीच्या अटींतली ओळ मी स्वतः लिहिली. नव्याच नव्हे, तर आधी विकलेल्या सगळ्या चिपांचे ड्रायव्हर खुले, आणि तेही अर्ज करण्याआधी. शब्दावर नाही. साहेबांचे फोन सुरू झाले. मी प्रत्येक फोन उचलायचे आणि प्रत्येक वेळी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायला लावायचे, जणू मला काहीच माहीत नाही. मॅडम, वकिलांचं चाललंय. हो का? मॅडम, थोडी मुदत. कशाची? हा खेळ मी किती चवीनं खेळले ते इथं लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही. रजियाला आवडलं नसतं, असं तिच्या ओळखीचे दोघंतिघं मला म्हणाले. नसेल आवडलं. ती होती तेव्हा तिच्या मनासारखं वागून झालं, त्यातून काय मिळालं ते पाहिलंच.

आणि एका दुपारी, कसलीही जाहिरात न करता, कंपनीनं जुना ड्रायव्हर खुला करून टाकला. आठवड्याभरातच कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी तो नव्या प्रणालीला जुळवून घेतला. रजियाला त्यातले बरेच जण नावानं ओळखत होते. मी शनिवारी मंगरूळपीरला गेले. जुन्या विद्यार्थिनींना बोलावलं, त्या आल्या, आणि आम्ही एकेक मशीन चालू करत गेलो. पहिला पडदा उजळला तेव्हा मुली ओरडल्या. मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. सोमवारी कंपनीच्या अर्जावर समितीतर्फे सही करायची, असं मी ठरवून आले होते. अटीत बसत होता. त्यांनी मुकाट्यानं केलं होतं, मला हवं तसं वाकून केलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझा राग प्रथमच दमल्यासारखा झाला होता.

तेवढ्यात अम्मी जिना चढून वर आल्या. रजिया गेल्यापासून त्या वर आल्या नव्हत्या. धापा टाकत रजियाच्या खुर्चीत बसल्या आणि एकेका पडद्याकडे बघत राहिल्या. एक मुलगी घाईघाईनं एक घर काढत होती, त्याला दार, खिडक्या, जिना. मग मला विचारलं, "थो साहेब रडला का वो?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "नाई, अम्मी. तो कायले रडन?"

"रजिया रडे," अम्मी म्हणाल्या. "दर ईदेले. तू तुया गावाले गेली का हे दार लावून घे आन् इथं बसून रडे. मले खाली दुकानात आयकू ये. मी आपली गिऱ्हाइकासंगं जोऱ्यानं बोलत राहो, कोनाले समजू नये म्हणून."

मी अम्मींच्या पायाशी जमिनीवर बसले. मग खालून कुणीतरी बांगड्यांसाठी हाक मारली आणि अम्मी उठून गेल्या.

तो सोमवार होऊन गेला, त्यानंतरचेही काही गेले. अर्ज माझ्या टेबलावर आहे. संस्थेतून विचारणा होते, साहेबांचे दिवसाआड फोन येतात. काही कमी असेल तर सांगा मॅडम, सगळं तर पूर्ण आहे. सगळं पूर्ण आहे, मी सांगते. त्यात काही खोटं नाही. मी अजून सही केलेली नाही.